कोंबड्यांचे साडेबारा टक्के

उरण तालुक्यातल्या जासईत जमिनीचा विषय निघाला की आवाज चढतोच, आणि त्याला कारण आहे. प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील याच गावचे. १९७० साली सिडको आली, नवी मुंबईसाठी ९५ गावांतली भातशेती आणि मिठागरं संपादनात निघाली, आणि जानेवारी १९८४ च्या आंदोलनात पोलिसांच्या गोळीबारात पाच जण हुतात्मा झाले. त्या लढ्यातूनच पुढे प्रकल्पग्रस्तांच्या पदरात संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड पडले. आज बंदराकडे जाणारे कंटेनरचे ट्रेलर गावाच्या अंगावरून रात्रंदिवस धावतात. भाताची खाचरं गेली, पण बऱ्याच घरांमागे परसू तेवढं उरलं आहे. मोरीच्या पाण्यावर अळू, कोपऱ्यात केळ, कुंपणाला शेवगा, आणि या सगळ्यावर मालकी हक्काने फिरणाऱ्या गावठी कोंबड्या.

सातबारा कोणाच्याही नावावर असो, परसात वहिवाट कोंबड्यांची असते. हे ध्यानात न घेता माणूस यूट्यूबवर सेंद्रिय परसबागेचे व्हिडिओ बघतो आणि एका सकाळी त्यांच्या जमिनीत मेथी पेरून मोकळा होतो. नोटीस नाही, सुनावणी नाही, मोबदल्याचं तर नावच नको. मग दुपारपर्यंत मेथीचा वाफा उकरलेला असतो, आणि आंदोलनाचं नेतृत्व करणारा कोंबडा कुंपणावर चढून भाषण करत असतो. शेजारच्या आजींनी या प्रश्नाचा निकाल एका वाक्यात लावलेला आहे: “कोंबरी मोकली सोरली का भाजी गेली, न कोंबरी कोंडली का दाना आपल्या खिशातला.”

दोन्ही बाजूंनी तोटा दाखवणाऱ्या या वाक्यातच तडजोडीची वाट आहे. कोंबडीला हवा असतो पाला, किडा, अळी आणि उकरायला माती. वाफ्याला हवं असतं खत, आणि कीड खाणारं कोणीतरी. म्हणजे भांडण गरजांचं नाही, वेळेचं आहे. रोप कोवळं असताना कोंबडी बाहेर. भाजी निघाली की तोच वाफा आठवडाभर कोंबड्यांना मोकळा. त्या आठवडाभरात तण, अळ्या, वाळवी असं सगळं वेचून माती भुसभुशीत करून देतात, आणि वर शिटतात ते वेगळंच. नव्या वांग्या-मिरचीच्या रोपांवर कोंबड्यांचंच डालगं पालथं घालावं. इतकी वर्षं ज्याखाली कोंबडी झाकली, त्याखाली आता रोप सुरक्षित बसलेलं पाहून कोंबडी डालग्याभोवती ज्या नजरेने फेऱ्या घालते, ती नजर भूसंपादन कार्यालयाबाहेर पुष्कळदा पाहायला मिळते.

खताचं मात्र धीराने घ्यावं. कोंबडीची विष्ठा नत्राने भरलेली, म्हणून फार कडक. ताजी टाकली तर मुळं करपतात. खुराड्यात भाताचा तूस किंवा पेंढा पसरावा, तो भिजून घाण झाला की काढून पाल्यापाचोळ्यात मिसळावा आणि दोन-तीन महिने कुजू द्यावा. काळं, मातीच्या वासाचं झालं की मग झाडाला.

पावसाळ्यात साडेबारा टक्क्यांचा खरा भूखंड म्हणजे मांडव. वर शिराळी, घोसाळी, कारली आणि पडवळ, खाली कोंबड्यांना सावली आणि घार झडप घालणार नाही असं छप्पर. पडवळ सरळ वाढावं म्हणून त्याच्या टोकाला दगड बांधतात. तो लोंबता दगड काय प्रकार आहे, याचा अभ्यास कोंबड्या संपूर्ण श्रावणभर करतात.

उत्पन्नाचे आकडे सांगून कोणाला भुलवू नये. गावठी कोंबडी वर्षाला साठ-सत्तर अंडी देते. मधेच खुडूक झाली तर २१ दिवस अंड्यांवरून उठत नाही, आणि पिल्लं निघाली की त्यांच्यापलीकडे जग नाही. मुंगूस येतं. मानमोडीची साथ आली तर खुराडं रिकामं होतं, म्हणून लस चुकवू नये. जानेवारी २०२५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या चिरनेरला बर्ड फ्लू निघाला होता. त्यामुळे कोंबड्या पटापट मरू लागल्या तर गुपचूप खड्डा न खणता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावं.

आणि तरीही हा व्यवहार तोट्याचा नाही. पावसाळा सरल्यावर ओलीवर पेरलेला वाल थंडीत भरतो, आणि मग पोपटी लागते. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. मडकं पालथं, भोवती जाळ. परसातला सगळा हिशेब एका मडक्यात येतो. ज्या कोंबडीने वालाला खत दिलं तिलाच वालाशेजारी बसवण्यात थोडी कृतघ्नता आहे, हे खरं. पण पोपटी फुटल्यावर हा मुद्दा कोणी मांडल्याचं ऐकिवात नाही.

तेव्हा घरामागे जागा असेल तर चाळीस कोंबड्यांची स्वप्नं न पाहता चार पाळा. आधी कुंपण घाला, मग बी पेरा. आणि कोंबड्यांचा वाटा पहिल्याच दिवशी मोजून द्या. मागाहून दिलेला मोबदला कोणालाच पुरत नाही, हे जासईकरांना कोणी शिकवायला नको.