स्वभाव : चावतो

जखमी कुत्र्याला मदत करणं सोपं असतं असं नाही, पण कुत्रा निदान आपल्याला बाजू मांडू देतो. मांजर तेवढंही करत नाही. त्यातून तो गावचा बोका असेल तर त्याच्या लेखी जगात दोनच वर्ग असतात : ज्यांना खायचं ते आणि ज्यांच्यापासून पळायचं ते. आपण कुठल्या वर्गात मोडतो हे सांगायला नको.

आमच्या लोणी काळभोरात असा एक बोका आहे. बेबी कालव्याच्या कडेने हिंडतो, उसात झोपतो आणि कोणाच्या बापाला भीत नाही. मध्यंतरी तो तीन पायांवर चालताना दिसला. उजवा पंजा वर उचललेला, खांद्यापाशी लिंबाएवढी गाठ. गोष्टीतले बोके लोण्याच्या गोळ्यावरून भांडतात. खरे बोके हद्दीवरून. सुळा बारीक असतो आणि खोल रुततो. वरची कातडी लगेच मिटते, आत पू साठत जातो.

हद्दीच्या बाबतीत इथे माणसांचीही पंचाईतच आहे. पोलीस ठाणं २०२१ पासून पुणे शहर आयुक्तालयात, गावचा कारभार मात्र ग्रामपंचायतीकडे. तेव्हा हा जखमी बोका शहराचा की गावचा, यावर कट्ट्यावर बराच खल झाला. निकाल लागेना म्हणून तो माझा ठरला.

सल्ल्यांना अर्थातच तोटा नव्हता. काकू म्हणाल्या, हळद लावा. (लावणार कोण, हे त्या बोलल्या नाहीत.) एकाने डेटॉल सुचवलं, दुसऱ्याने घरातली तापाची गोळी अर्धी करून दुधातून द्यायला सांगितलं. हे दोन्ही उपाय बोक्याला थेट वर पोचवणारे होते. पॅरासिटामॉल मांजराच्या यकृताला झेपत नाही. माणसाची एक गोळीही त्याचा जीव घेऊ शकते. आणि डेटॉल अंगाला लावलं की ते चाटून पोटात जाणारच. “मग डॉक्टरकडे न्या की,” असं एकमताने ठरलं. “धरायचं कोणी?” म्हटल्यावर सगळ्यांना एकदम घरची कामं आठवली.

वैष्णव आचार्यांनी शरणागती समजावताना मांजराच्या पिल्लाचा दाखला दिला आहे. माकडाचं पिल्लू आईला घट्ट बिलगतं; मांजराचं पिल्लू मात्र आईच्या तोंडात निर्धास्त लोंबकळतं. दाखला खराच आहे, पण पिल्लापुरता. मोठ्या बोक्याची मान धरली की शरणागती राहते बाजूला, तो जिवाच्या आकांताने उसळतो आणि मागच्या दोन्ही पायांच्या नख्या मोकळ्या असतातच. कान मागे चपटे झाले, शेपूट फुगली, फिस्कारणं सुरू झालं की आपला हात मागे घ्यावा. नाहीतर हात दाखवून अवलक्षण. रक्त निघालं तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली १५ मिनिटं धुवायची आणि रेबीजच्या लशीसाठी दवाखाना गाठायचा. सरकारी दवाखान्यातलं वेळापत्रक ०, ३, ७ आणि २८ व्या दिवसाचं. बोका ओरबाडून मोकळा होतो, तारखा आपण सांभाळायच्या.

खरी युक्ती सांगितली ती सोलापूर रस्त्यावर तेलाच्या डेपोपाशी नंबर लावून बसलेल्या एका टँकरवाल्याने. “सायेब, तुम्ही त्याच्याकडं बघू नका. बघितलं की त्याला कळतं, हा धरणार.” अगदी बरोबर. टक लावून बघणं म्हणजे मांजराच्या राज्यात उघड आव्हान. माया डोळ्यांत दाटून येते म्हणतात, पण बोक्याला तीही शिकाऱ्याचीच नजर वाटते. म्हणून मी झडपेचा जाळीचा पिंजरा आणला, तळाला बारदान अंथरलं, पार आतल्या कोपऱ्यात सुकट ठेवली आणि शेजारी पेपर उघडून बसलो. पहिल्या दिवशी दार तारेने बांधून उघडंच ठेवलं. बोका आला, सुकट संपवली, माझ्याकडे तुच्छतेने पाहिलं आणि गेला. अग्रलेख इतका मन लावून मी आयुष्यात वाचला नव्हता. हा सराव आठवडाभर चालवायला हवा होता, पण आतला पू तेवढं थांबणार नव्हता. दुसऱ्या संध्याकाळी तार सोडली आणि झडप पडली.

पुढच्या मिनिटभरात त्याने जे काही सुनावलं त्याचं लिप्यंतर करणं सभ्यपणाचं होणार नाही. पिंजऱ्यावर जुनी चादर टाकली, अंधार झाला, तेव्हा कुठे स्वारी गप्प झाली. रिक्षावाल्याने मागे वळून “आत काय आहे?” विचारलं. मी “मांजर” म्हणालो. चादरीतून जो आवाज आला त्यावरून त्याचा विश्वास बसलेला दिसला नाही.

डॉक्टरांनी भुलीचं इंजेक्शन देऊन गाठ फोडली, धुतली, औषध दिलं. बरा झाला की खच्ची करून घ्या, भांडणं कमी होतील, असंही सांगितलं. मग कंपाउंडरने केसपेपर पुढे ओढला. मालकाचं नाव? मालक कोणी नाही, म्हटलं, मी फक्त घेऊन आलोय. रकाना रिकामा सोडता येत नाही, म्हणाला, आणि माझं नाव घातलं. प्राण्याचं नाव? नाही. तिथे त्याने रेघ मारली. खाली स्वभावाचा रकाना होता; तो मात्र त्याने काहीही न विचारता लाल शाईने भरला. कागदावर आता ठळक अशा दोनच गोष्टी आहेत : माझं पूर्ण नाव आणि ‘चावतो’.