तंबूतला मोरोक्को

अमेरिकेतल्या मध्यम शहराच्या डाउनटाउनातलं मोरोक्कन रेस्टॉरंट. बाहेर पार्किंग मीटर, आत छताला तंबूचं कापड. भिंतीवर ‘कॅसाब्लांका’चं पोस्टर, १९४२ चा हा सिनेमा चित्रित झाला कॅलिफोर्नियात! मग येते बेली डान्सर. नाच इजिप्तकडचा, पण नकाशा बघतंय कोण? वेटर पितळी झारीने हातावर पाणी घालतो, खाली तस्त धरतो आणि गंभीरपणे सांगतो, ‘आज हाताने जेवायचं.’ गोऱ्या पाहुण्यांना केवढं अप्रूप! कोपऱ्यातलं मराठी कुटुंब मात्र नेमकं काटा-चमचा मागतं. बस्टिला या पापुद्र्यांच्या भरल्या पदार्थात कबुतराऐवजी चिकन, वरची पिठीसाखर-दालचिनी तेवढी शाबूत. कुसकुस तिकडे शुक्रवारचं, घरचं, इथे रोजचं. चव खरंच झकास असते, जरूर जा. फक्त डान्सरची ढोलकी सुरू व्हायच्या आत बिल मागवा.