बदलीवरचा स्ट्रायकर

युरोपातल्या मधल्या फळीतल्या क्लबांतून फिरणाऱ्या अमेरिकन स्ट्रायकरची बॅग कधी पूर्ण रिकामी होतच नाही. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर! फ्लॅट फर्निचरसकट भाड्याचा, त्यामुळे भिंतीला खिळा ठोकायची सोय नाही. जानेवारीत आणि ऑगस्टमध्ये फोन बाथरूममध्येसुद्धा सोबत. बदल्यांचे महिने ते; एजंट सकाळी 'काही नाही रे' म्हणतो आणि संध्याकाळी विमानाचं तिकीट पाठवतो.

नव्या गावात पहिलं काम म्हणजे क्लबचा स्कार्फ डोक्यावर धरून फोटो. मग ठरलेलं वाक्य, 'इथे मला अगदी घरच्यासारखं वाटतं.' मागच्या गावातही तो हेच म्हणाला होता, आणि दोन्हीकडे मनापासून! भाषा कामापुरती येते: 'मागे माणूस आहे', 'ऑफसाइड नव्हता' आणि 'बिल आणा'. चुकून 'सॉकर' म्हणाला की अख्खी ड्रेसिंग रूम हसते. तोही हसतो, आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा म्हणतो.

हाजी राइटचंच बघा. जन्म 1998चा, लॉस एंजेलिसचा. न्यूयॉर्क कॉसमॉस करून जर्मनीत शाल्के, तिथून लोनवर सँडहाउझेन. मग नेदरलँड्समध्ये फेन्लो, पुढे डेन्मार्क, तुर्कस्तानात अंताल्या आणि 2023मध्ये इंग्लंडात कॉव्हेंट्री. आपल्याकडच्या बँकेतल्या काकांना गावोगावच्या घरमालकांची नावं पाठ असतात ना, हा त्याच घराण्यातला.

2022च्या वर्ल्ड कपमध्ये नेदरलँड्सविरुद्ध बॉल त्याच्या मागे राहिलेल्या पायाला लागला आणि कमान करून गोलकीपरच्या डोक्यावरून आत गेला. जाणूनबुजून कुणाला जमायचं नाही! तरी अमेरिका 3-1 हरली. 2024च्या एफए कप उपांत्य सामन्यात मँचेस्टर युनायटेड 3-0 पुढे असताना कॉव्हेंट्रीने मुसंडी मारली, आणि भरपाईच्या वेळेत पेनल्टीवर 3-3 केलं ते यानेच. पेनल्टी शूटआउटमध्ये कॉव्हेंट्री हरली, ते सोडा.

बरं, माणूस तोच, पाय तेच, तरी गाव बदललं की हिशेब बदलतो. दुसरा अमेरिकन स्ट्रायकर जोझी आल्टिडोर. त्याने 2012-13च्या मोसमात नेदरलँड्समधल्या अल्कमारच्या एझेडकडून 31 गोल केले. मग इंग्लंडात संडरलंडला गेला आणि लीगच्या 42 सामन्यांत गोल केला एक! तिथल्या पेपरवाल्यांनी त्याला फैलावर घेतलं. तो मात्र पुढच्या सामन्याला पुन्हा वॉर्मअपला हजर.

अशा माणसाला 'गोल किती?' असं विचारू नका. ते गावावर ठरतं. 'कुठे कुठे होतास?' असं विचारा, आणि चहाचं आधण ठेवूनच बसा, कारण उत्तर लांबणार आहे.