अकरा सेंटिमीटरवरून पुणे

प्रवासवर्णनाला हल्ली वाईट दिवस आले आहेत, आणि त्याला लेखकांपेक्षा गाड्या जास्त कारणीभूत आहेत. काचा लावून, एसी सोडून उंच गाडीत बसलेल्या माणसाला कोथरूड डेपोपासून हिंजवडीपर्यंत एकच प्रेक्षणीय स्थळ दिसतं, ते म्हणजे पुढच्या गाडीचे लाल दिवे. रस्ता बुडाखालून निघून जातो, त्याला पत्ता नसतो. ज्यानं हौसेनं गाडी खाली बसवून घेतली, गॅरेजच्या भाषेत ‘लो’ केली, त्याला मात्र हेच पंधरा-सोळा किलोमीटर परिक्रमेसारखे घडतात. चांदणी चौकातला जुना पूल २ ऑक्टोबर २०२२ च्या मध्यरात्रीनंतर स्फोटकं लावून पाडला, हे त्याला आठवत नसेल. पण आज त्या परिसरात डांबराला कुठे टेंगूळ आलंय हे तो झोपेतही सांगेल. असली गाडी रोज ऑफिसला नेणं हा खुळेपणा आहे असं लोक म्हणतात. आहेच. पण ती रोज कुठेतरी घासते याचं खापर सगळं तिच्याच डोक्यावर फोडायचं, आणि तेही मार पोटाला बसलेला असताना, हा अन्याय झाला. निम्म्याहून जास्त दोष रस्त्याचा आहे आणि तो टेप लावून मोजता येतो.

इंडियन रोड्स काँग्रेसनं गतिरोधकाचं माप कधीच ठरवून ठेवलंय. उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, आणि वरचा चाप १७ मीटर त्रिज्येच्या वर्तुळाचा. शिवाय काळेपांढरे पट्टे आणि ४० मीटर अलीकडे पाटी. आता स्विफ्ट घ्या. पुढच्या-मागच्या चाकांत अंतर २.४५ मीटर, पोट जमिनीपासून १६ सेंटिमीटरच्या आसपास. ती पाच सेंटिमीटर खाली बसवली की राहिले ११. नियमातल्या गतिरोधकावर ही गाडी चढली की चारही चाकं त्या लांबरुंद पाठीवरच असतात, आणि दोन चाकांच्या मध्ये पाठीचा जो फुगवटा उरतो तो भरतो जेमतेम साडेचार सेंटिमीटर. म्हणजे सहा-साडेसहा सेंटिमीटर हातचे राखून गाडी पलीकडे जाते. शाळेतल्या भूमितीत बसणारं गणित आहे हे. गल्लीतला गतिरोधक मात्र भूमितीत बसत नाही, कारण तो श्रद्धेतून बांधलेला असतो. अर्धा मीटर रुंद, १५ सेंटिमीटर उंच, बिनपट्ट्याचा, आणि रात्रीतून उगवलेला. गाडीची पुढची चाकं त्याच्या पलीकडे, मागची अलीकडे, आणि ११ सेंटिमीटरच्या जागेतून १५ सेंटिमीटरचा वरवंटा जायचा आहे. जात नाही.

मग नजर लावण्याची कला येते. चाकं एकेक करून चढावीत म्हणून गाडी तिरकी घालायची, इतकी तिरकी की मागच्याला वाटावं हा माणूस रस्त्यातच पार्किंग करतोय. मागचा हॉर्न वाजवतो. तो सस्पेन्शनच्या आवाजात मिसळून जातो. पावसाळ्यात पाण्यानं भरलेला खड्डा किती खोल आहे हे समोरच्या दुचाकीस्वाराची पँट कुठपर्यंत भिजली त्यावरून ठरवायचं. सगळ्यात जपायचं ते चेंबरला. मराठीनं इथे मोठी गंमत करून ठेवली आहे : इंजिनाखालच्या तेलाच्या टाकीलाही चेंबर म्हणतात आणि रस्त्यात झाकणासह वर आलेल्या गटाराच्या हौदालाही चेंबरच. या दोघांची गाठ पडली की वरच्या चेंबरमधलं तेल खालच्या चेंबरमध्ये जातं आणि पुढचा प्रवास टोइंग व्हॅनमधून, म्हणजे पुन्हा उंचावरून, होतो. अमेरिकेत कॅलिफोर्नियानं १९५८ सालापासून चाकाच्या रिमपेक्षा खाली लोंबणारी गाडी बेकायदा ठरवली, तेव्हा १९५९ मध्ये रॉन अगिरे नावाच्या हिकमती माणसानं आपल्या कॉर्व्हेटला हायड्रॉलिक पंप बसवले. पोलिस दिसला की बटण दाबायचं, गाडी उठते. गेला की बसते. आपल्याकडचं हायड्रॉलिक यंत्र जास्त साधं आहे. गतिरोधक आला की मागच्या सीटकडे वळून म्हणायचं, “काका, जरा उतरता का?” काका उतरले की गाडी उठते.

कॅलिफोर्नियावरून आठवण होते ती कायद्याची, आणि हा आक्षेप हसण्यावारी नेण्यासारखा नाही. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ चा अर्थ लावताना सांगितलं, की उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा बदल गाडीत करता येणार नाही. तेव्हा ‘लो’ गाडीवाल्यानं आरटीओसमोर छाती काढून उभं राहू नये. गाडी वळणाला चिकटून पळते ही त्याची दुसरी ढालही फारशी जाड नाही. गुरुत्वमध्य खाली येतो हे खरं. पण बहुतेक छोट्या गाड्यांच्या पुढच्या चाकांना मॅकफर्सन स्ट्रट असतात; त्या फार खाली बसवल्या की ज्या काल्पनिक बिंदूभोवती गाडी कलते तो बिंदू गाडीपेक्षाही जास्त खाली सरकतो, आणि कमावलेलं बरंचसं तिथेच गमावलं जातं. त्यात पैसे वाचवायला मूळ स्प्रिंगच कापली असेल, तर सहा वेटोळ्यांतलं एक गेल्यानं ती पाचव्या हिश्शानं कडक होते, आणि चाकं आत कलल्यामुळे टायरची आतली कड आधी झिजते. हे सगळं मान्य. एवढंच विचारायचं, की मूळ नकाशाशी फारकत घेतली म्हणून गाडी गुन्हेगार, तर त्याच कारणासाठी त्या १५ सेंटिमीटरच्या वरवंट्याला पासिंगला कोण नेणार? गाडीला नंबर असतो, विमा असतो, पीयूसी असते. गतिरोधकाला साधा बापही नसतो. विचारायला गेलं तर नगरसेवक रहिवाशांकडे बोट दाखवतो आणि रहिवासी नगरसेवकाकडे.

यावर शहाणी माणसं म्हणतात, कशाला हा व्याप, सरळ उंच एसयूव्ही घ्या. पण वीस सेंटिमीटर उंच गाडीनं गतिरोधकाचा प्रश्न सुटत नाही, फक्त ऐकू येईनासा होतो. ऐकू येत नाही म्हणून कोणी तक्रार करत नाही, म्हणून पुढच्या डांबरीकरणात तो आणखी दोन बोटं वाढतो, आणि मग वीस सेंटिमीटरही अपुरे पडतात. रिक्षात बसलेल्या गरोदर बाईच्या पाठीला जे कळतं आणि कोणी लिहून घेत नाही, ते ‘लो’ गाडीचा बंपर खर्रकन मोठ्यानं सांगतो, वर डांबरावर पांढरी रेघही ओढून ठेवतो. पुण्यातल्या कुठल्याही आडव्या वरवंट्याजवळ उकिडवं बसून पाहावं, अशा रेघा दिसतात. नव्या, जुन्या, एकीवर एक.

संध्याकाळी परिक्रमा सोसायटीच्या फाटकाशी येते. तिथला उंचवटा कुणाच्या तरी बाथरूमच्या कामातून उरलेल्या सिमेंटचा असतो. वॉचमनच्या केबिनला दोन फळ्या टेकवून ठेवलेल्या असतात. ओळखीची घरघर ऐकली की तो चहा बाजूला ठेवतो, फळ्या चाकांच्या अंतरावर मांडतो, गुडघ्यावर हात टेकून वाकतो आणि गाडीच्या पोटाखाली बघत हात हलवतो : येऊ द्या, येऊ द्या, साहेब, अजून एक बोट आहे, येऊ द्या… बास.