टँकवाले

पाणवनस्पतींचा टँक लावणारा गृहस्थ मासे पाळतो, असा आप्तेष्टांचा समज असतो. प्रत्यक्षात तो गवत पाळतो. मासे असतात, नाही असं नाही. पण कोणत्या हिरव्यावर कोणता रंग उठून दिसेल, एवढ्यावरच त्यांची नेमणूक होते.

या पंथाचे मूळपुरुष जपानमधल्या निइगाताचे ताकाशी अमानो (१९५४–२०१५). आधी सायकलशर्यती, मग निसर्गछायाचित्रण, आणि त्यातून काचेच्या पेटीत डोंगर-कुरण उभं करण्याची शैली त्यांनी रूढ केली. शेवाळ खाणाऱ्या एका कोळंबीलाही त्यांचं नाव मिळालं. ती तळून कशी लागते, हा प्रश्न टँकवाल्याच्या कोकणातल्या सासुरवाडीत हमखास निघतो.

सुरुवात दगडांपासून होते. 'इवागुमी' मांडणीत दगड विषम संख्येत हवेत, आणि त्यातला थोरला बरोबर मध्यभागी नको. दगडात चुना असला तर पाणी जड होतं. म्हणून सहलीला गेल्यावर घरची मंडळी भेळ कालवत असताना हा नदीपात्रात उकिडवा बसून धोंड्यावर व्हिनेगर टाकतो आणि फेस येतो का ते पाहतो. सह्याद्रीचा काळा पाषाण सहसा पास होतो. मग धोंडे डिकीत आणि बॅगा माणसांच्या मांडीवर.

लागवड लांब चिमट्याने, चार-चार काड्यांनी. रोटालाच्या ज्या जाती शेतकरी भातखाचरातून तण म्हणून उपटून फेकतो, त्यांच्या बहिणी हा काडीच्या भावाने विकत आणतो.

खरा संसार पुढेच. दर रविवारी निम्मं-पाऊण नाही तरी तिसरा हिस्सा पाणी बदलायचं. पाणीकपातीत पहिली बादली कोणाची, यावर घरात वाद ठरलेला. काढलेल्या पाण्यावर गॅलरीतली तुळस मात्र माजते. सिलिंडरमधून कार्बन डायऑक्साइड सोडावा लागतो. आतल्या कुपीतला द्रव निळा असला तर वायू कमी, हिरवा तर बेताचा, पिवळा तर माशांच्या जिवाशी गाठ. ऑफिसातून आल्यावर बूट काढण्याआधी हा रंग पाहिला जातो. दिवा सात-आठ तासांहून जास्त जळला की शेवाळ बोकाळतं. दगडावर काळी दाढी उगवली की स्वतःची वाढलेली असली तरी तो आधी टँकची करतो, टूथब्रशने. ब्रश कोणाचा, हे सांगत नाही.

याच्याकडे जायचं झाल्यास संध्याकाळी जावं. दिवे बहुधा तेव्हाच लागलेले असतात. काचेला बोट लावू नये. आणि झाडं प्लास्टिकची आहेत का, असं चुकूनही विचारू नये.