दहा ते दोन

जुलै-ऑगस्टमध्ये काश्मीरच्या ‘ग्रेट लेक्स’ ट्रेकला गेलात, तर सोनमर्गच्या तळावर अर्धी बोलाचाली मराठीत ऐकू येते. ठाण्याची पोरं, गुडघ्यांना पट्टे बांधलेल्या पुण्याच्या मावश्या, प्रत्येकाला डायमॉक्सच्या गोळ्या घ्यायला लावणारा नाशिकचा डॉक्टर. चिवड्याचे पुडे तर टम्म फुगलेले. वर हवेचा दाब कमी, त्यामुळे आतली हवा पुडा फुगवते आणि चिवडा आहे त्याच्या दुप्पट वाटतो. या गर्दीत सॅकबरोबर खांद्याला एक लांब नळकांडं अडकवलेला एक गृहस्थ हमखास असतो. हे ट्राउटवाले काका.

वय साठीच्या पुढे. नोकरी राष्ट्रीयीकृत बँकेत, सगळी कॅश काउंटरवर आणि नंतर काउंटरमागच्या केबिनमध्ये. मूळ गाव मालवण-वेंगुर्ल्याकडचं, मुक्काम दादर किंवा डोंबिवली. नळकांड्यात चार तुकड्यांचा फ्लाय रॉड असतो. त्याला काठी म्हटलेलं त्यांना खपत नाही. विमानतळावरच्या तपासणीत नळकांडं उघडावं लागतं, याचं त्यांना मुळीच वाईट वाटत नाही. उलट तपासणाऱ्या जवानाला त्यांनी रिळाची ब्रेक यंत्रणा फिरवून दाखवल्यामुळे आमची रांग तुंबली होती.

परवाना ही त्यांची खरी दौलत. मत्स्यविभागाकडून रीतसर फी भरून घेतलेला, लॅमिनेट केलेला, आधार कार्डासोबत गळ्यात लटकवलेला. कुठल्या पट्ट्यात मासेमारी करायची, दिवसाला किती मासे घ्यायचे, आमिष काय चालेल, हे सगळं त्यावर लिहिलेलं. सबंध ट्रेकमध्ये तो परवाना कुणी मागितला नाही. दुसऱ्या दिवसापासून ते आपणहून दाखवायला लागले.

काकांचं ज्ञान खरं असतं, ही मोठी अडचण. निचनई खिंडीच्या चढावर बाकीच्यांना धाप लागली की ते सुरू होतात. दम लागलेल्या माणसाला विषय बदलता येत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक. “ट्राउट हा इथला मासाच नव्हे हो! इंग्रजांनी आणला. 1899 साली विलायतेहून अंडी पाठवली, ती वाटेतच खलास. 1900 साली पुन्हा पाठवली, स्कॉटलंडहून. तेव्हा कुठे जगली.” ही अंडी श्रीनगरजवळ हारवनला वाढवली मिचेल नावाच्या गृहस्थाने. त्यांचा धंदा गालिच्यांचा, नाद माशांचा. ‘मिचेलसाहेब’ म्हणताना काकांचा आवाज अदबशीर होतो. हा आवाज त्यांनी नोकरीत झोनल मॅनेजरसाठी राखून ठेवलेला असणार. खिंडीच्या माथ्यावर आम्ही पोचलो तेव्हा आमचे प्राण कंठाशी आले होते आणि ट्राउट हारवनहून काश्मीरच्या नद्यांत पोचला होता.

खिंड उतरून विशनसरच्या काठावर आलो. बारा हजार फुटांच्या थोडं वर हे तळं आहे. पाणी निळं म्हणावं तर हिरवं दिसतं, हिरवं म्हणावं तोवर ढग येतो आणि सगळं शाईसारखं होतं. पलीकडच्या उतारावर बकरवालांची मेंढरं. आमच्यातले बहुतेक जण गवतावर आडवे झाले. काका मात्र खिसेच खिसे असलेलं जाकीट चढवून कामाला लागले. एका खिशात माश्यांची डबी. खऱ्या माश्या नव्हेत. बारीक गळाला कोंबड्याची पिसं आणि दोरा गुंडाळून केलेल्या. एकेक माशी ते चिमटीत धरून चाळिशीखालून पाहत, नाव पुटपुटत आणि परत ठेवत.

मग सुरू झाली फेक. फ्लाय रॉडची दोरी फेकण्याचा एक पाठ आहे. हात घड्याळाच्या काट्यासारखा धरायचा, पुढे दहापर्यंत, मागे दोनपर्यंत, त्यापलीकडे न्यायचा नाही. काकांच्या काळी बँकेचं काउंटरही दहा ते दोनच उघडं असायचं. त्यामुळे ही शिस्त त्यांच्या हाडीमाशी खिळलेली असावी असं मला वाटत होतं. पण दुपारी तळ्यावर वारा सुटतो, आणि वारा काही बँकेत नोकरीला नव्हता. पहिल्या फेकीत माशी त्यांच्याच माकडटोपीत अडकली. दुसऱ्या फेकीत मागे वाळत घातलेल्या कुणाच्या तरी पायमोज्यात. तिसरी पाण्यात पडली तेव्हा मावश्यांनी टाळ्या वाजवल्या आणि काका संतापले. “आवाज नको! सावलीही नको!” मासा पाण्याखालून वरचं जग गोल खिडकीतून पाहावं तसं पाहतो, काठावर माणूस उभा राहिला की त्याला दिसतो, म्हणून सगळ्यांनी वाकून चालायचं, असा हुकूम निघाला. नाशिकचे डॉक्टर त्या दिवशी चहाचा कप घेऊन रांगत गेले.

घोडेवाल्यालाही काकांनी त्यांच्या खास हिंदीत ताकीद दिली. “भाई, इधर पानी में पाय नहीं डालने का. मच्छी बिथरता है.”

घोडेवाला अत्यंत सभ्य. म्हणाला, “जनाब, इतने ठंडे पानी में पाँव डालेगा कौन?”

काका तिथे तीन तास उभे होते. मी लांबून पाहत होतो, आणि मला हळूहळू एक गोष्ट कळायला लागली. निवृत्त मराठी माणसाला नुसतं बसता येत नाही. सुंदर तळ्यासमोर हात रिकामे ठेवून बसलं की त्याला आपण उगाच वेळ घालवतोय असं वाटायला लागतं. चार माणसं विचारतात, काय हो, बरं वाटत नाहीये का? हातात रॉड असला की तीन तास पाण्याकडे टक लावून पाहता येतं आणि कुणी काही विचारत नाही. माणूस कामात आहे म्हणतात. मासा लागो न लागो, काकांनी त्या तळ्याचा जेवढा काठ पाहिला तेवढा आमच्यातल्या कुणी पाहिला नाही. आमचा वेळ रेंज शोधण्यात गेला, जी तिथे नसतेच.

तळ्याजवळच्या चौकीवर ओळखपत्रं तपासायला थांबलेला एक जवान साताऱ्याकडचा निघाला. मराठी ऐकून तो काठावर आला, हाताची घडी घालून बराच वेळ उभा राहिला आणि शेवटी न राहवून म्हणाला, “काका, घावतंय का कायतरी?”

“धीर लागतो यात,” काका म्हणाले.

“ते खरं हाय. आमीबी आठ म्हईनं हितंच हाय.”

संध्याकाळी वारा पडला, पाण्यावर बारीक वर्तुळं उठायला लागली, आणि खरोखरच मासा लागला. काकांनी तो इतक्या हळू आत घेतला की ते क्षणभर आम्हाला परके वाटले. ब्राउन ट्राउट. अंगावर लाल ठिपके, प्रत्येक ठिपक्याभोवती फिकट कडं. लांबी सात इंच. मासा पकडून परत पाण्यात सोडायचा, हे काकांचं तत्त्व त्यांनी सोनमर्गपासून सांगितलं होतं. पण आधी फोटो. काकांचा, मग काका आणि डॉक्टरांचा, मग मावश्यांचा, मग ज्यांचे डोळे मिटले होते त्यांचा पुन्हा. हात ओले करून धरा, असं काका प्रत्येकाला बजावत होते. सगळ्यांचे फोटो झाले तेव्हा सोडण्यासारखं काही उरलं नव्हतं.

“परवान्यात बसतो,” काका गंभीरपणे म्हणाले आणि त्यांच्यातला बँकवाला मागे सरून मालवणी पुढे आला. स्वयंपाकाच्या तंबूत जाऊन त्यांनी पहिल्यांदा माशाचा कल्ला उचलून पाहिला. “लालभडक आहे. ताजा दिसतोय.” तो त्यांनीच अर्ध्या तासापूर्वी पाण्यातून काढला होता. मग सुरी उलटी धरून खवले काढायला घेतले. ट्राउटचे खवले इतके बारीक की काढायची गरजच नसते, पण सवय जाते कुठे? सॅकमधून मालवणी मसाला, रवा, तांदळाचं पीठ अशा पुड्या बाहेर आल्या. आगळाची बाटलीही आली, पण रिकामी. ती निचनईच्या खिंडीतच झाकणातून पाझरली होती आणि काकांची थर्मल बनियन कोकमाच्या रंगाची झाली होती. तिकडे काश्मिरी आचारी डाळ शिजायची वाट बघत बसला होता. इतक्या उंचीवर पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे कुकरशिवाय डाळीला कढ येतात, ती शिजत मात्र नाही. कुकरच्या शिट्ट्यांमध्ये त्याने आपल्या सरसूच्या तेलाची कढई काकांच्या हवाली केली.

सात इंची मासा वीसेक जणांनी प्रसादासारखा हातावर घेतला. काकांनी शेवटचा तुकडा तोंडात टाकला, डोळे मिटले आणि निकाल दिला. “मऊ आहे. बांगड्याची सर नाही. गोडं पाणी ते गोडं पाणी.”

मासे पकडणारे मासा वाढवून सांगतात, अशी त्यांची ख्याती आहे. काका त्यातले नाहीत. हिशेबात खाडाखोड त्यांना जमत नाही. नंतर त्यांनी ही हकिगत जिथे जिथे सांगितली तिथे मासा सात इंचीच राहिला. मुद्दल तेवढंच ठेवून त्यांनी व्याज तळ्याच्या उंचीला लावलं. श्रीनगरच्या विमानतळावर विशनसर साडेबारा हजार फुटांवर होतं. दादरला उतरेपर्यंत तेरा हजारांवर. सोसायटीच्या गणपतीत, आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत मी ते साडेचौदा हजारांवर ऐकलं, म्हणजे सबंध वाटेतली सगळ्यात उंच, गडसरची खिंडही खाली राहिली. मी काही बोललो नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका चिकित्सक गृहस्थांनी मात्र विचारलं, “एवढ्या उंचावर मासा जगतो कसा हो? थंडी, बर्फ... वाढत कसा असेल?”

“तेच तर!” काका म्हणाले. “म्हणून तर सातच इंच होता.”