तुकडेबंदी

एम.ए.च्या शेवटच्या वर्षी लघुप्रबंधासाठी मी 'शेतजमिनीचे तुकडीकरण' हा विषय घेतला. गावाकडे आजोबांची थोडी कोरडवाहू जमीन होती आणि तिच्यावरून काकालोकांची चाललेली भांडणं मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. त्यामुळे निम्मा प्रबंध डोक्यात तयारच आहे, अशी माझी प्रामाणिक समजूत होती. उरलेला निम्मा दिवाळीच्या सुट्टीत उरकायचा. कुठल्या वर्षीची दिवाळी, ते ठरवलं नव्हतं.

पूर्वतयारीत मात्र मी कसर ठेवली नाही. अप्पा बळवंत चौकातून रंगीबेरंगी हायलायटर आणले, फायली आणल्या, कागद आणले, कागदांना भोकं पाडायचं मशीन आणलं आणि सदाशिव पेठेतल्या माझ्या कॉट बेसिसच्या खोलीत भिंतभर वेळापत्रक लावलं. त्यात वाचन हिरवं, टिपणं निळी, लेखन लाल आणि मेसचं जेवण पिवळं. ते इतकं देखणं उतरलं, की शेजारच्या खोलीतली एमपीएससीची मुलं त्याचा फोटो काढून घेऊन गेली. त्यातला एक पुढे नायब तहसीलदार झाला. म्हणजे वेळापत्रकात काही खोट नव्हती.

खोट आमच्यात. आता तुम्हीच सांगा, नऊ वाजून सात मिनिटांनी कुणी अभ्यासाला बसतं का? साडेनऊला बसावं म्हटलं की तोवर अमृततुल्यात एक चहा होतो, चहाला ओळखीचं कुणीतरी भेटतं, त्याचं झेरॉक्सचं काम असतं, परत येईस्तोवर साडेदहा होतात आणि मग लक्षात येतं की असल्या धुळकट टेबलावर संशोधन होणं शक्य नाही. मग टेबल पुसायचं, त्याच फडक्याने खिडकी पुसायची, चादर भिजवायची, चादर भिजतेय तोवर बादलीचे पांढरे डाग घासायचे आणि बादली घासलीच आहे तर मोरीने काय घोडं मारलंय म्हणून तीही घासायची. एकदा मालकीणबाई दारात थबकल्या, मोरीकडे कौतुकाने बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "परीक्षा जवळ आली वाटतं तुमची."

शेवटी मी ठरवलं की रोगाचा आधी शास्त्रशुद्ध अभ्यास करायचा. लायब्ररीत जाऊन चालढकल या विषयावर जे मिळेल ते वाचायला लागलो, आणि काय सांगू, आयुष्यात इतक्या एकाग्रतेने मी कधी वाचलेलं नाही. जॉर्ज अकरलॉफ नावाचे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ एक वर्ष भारतात होते. त्यांच्याकडे येऊन गेलेले त्यांचे मित्र जोसेफ स्टिग्लिट्झ यांचा कपड्यांचा खोका मागे राहिला होता, तो अमेरिकेला पाठवायचा होता. या कामात अख्खा दिवस जाणार, असा अकरलॉफसाहेबांचा अंदाज. म्हणून आठ महिन्यांहून जास्त काळ ते रोज सकाळी उठून ठरवत, की खोका उद्या पाठवायचा. शेवटी तो दुसऱ्या एका मित्राच्या सामानातून गेला. पुढे 1991 साली साहेबांनी या खोक्यावरून चालढकलीचं अर्थशास्त्र मांडलं. 2001 साली अकरलॉफ आणि स्टिग्लिट्झ दोघांनाही नोबेल मिळालं, तेही एकाच वर्षी. ते खोक्याबद्दल नव्हतं हे मला मान्य आहे, पण भारतात राहून एखादं काम आठ महिने लांबवलं तरी पुढे नोबेल मिळू शकतं, एवढा दिलासा मला त्या दिवशी पुरला. टिपणं काढली. निळ्या रंगात.

मग कुणीतरी पोमोडोरो सांगितलं. फ्रान्चेस्को चिरिल्लो नावाच्या इटालियन विद्यार्थ्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस ही युक्ती काढली: टोमॅटोच्या आकाराचं स्वयंपाकघरातलं घड्याळ लावायचं, 25 मिनिटं मान वर न करता काम करायचं, मग 5 मिनिटं विश्रांती. मोबाइलमध्ये गजर होताच, पण पद्धत पाळायची तर नीट पाळावी म्हणून मी टोमॅटो शोधायला तुळशीबागेत गेलो. तिथे टोमॅटो नव्हता. पुरणयंत्र मात्र झकास होतं, आईचं मोडलेलंच होतं. शिवाय दोन गाळणी घेतली, एक खिसणी घेतली आणि घासाघीस करून चाळीस रुपये वाचवले. संध्याकाळी विश्रांतीची 5 मिनिटं तेवढी बाकी होती, ती घेतली.

यावरून मी प्रबंधाला हातच लावला नाही असं मात्र समजू नका. पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य डॉ. हॅरोल्ड मॅन यांनी 1917 साली एका खेड्याचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. त्या गावात 1771 साली सरासरी धारणा 40 एकर होती, ती 1915 च्या सुमारास 7 एकरांवर आली होती. आमच्या विषयातला हा श्रीगणेशा. गावाचं नाव पिंपळे सौदागर. म्हटलं, पुस्तकं काय कुणीही वाचेल, आपण शिवारच बघून यावं! वही, पाण्याची बाटली, उन्हासाठी टोपी असा जामानिमा करून मी पीएमटीने निघालो. उतरलो तर समोर बावीस-तेवीस मजल्यांच्या इमारती, मॉल आणि कुत्र्यांना फिरवणारी आयटीतली मंडळी. टोपी घातलेला शेतीचा अभ्यासक तिथे मीच. एका सोसायटीच्या वॉचमनला मी "इथली मूळ शेतजमीन कुठे आहे हो?" असं विचारलं, तर त्याने मला इस्टेट एजंटचा नंबर दिला. मिसळ खाऊन परत आलो.

मॅडम, म्हणजे माझ्या गाईड, स्वभावाने गरीब. महिन्या-दोन महिन्यांनी विचारायच्या, "काय रे, कुठवर आलंय?" मी म्हणायचो, "मॅडम, क्षेत्रभेट झाली." पुढे पुढे त्या विचारेनाशा झाल्या आणि मी त्यांचा जिना सोडून मागचा जिना वापरायला लागलो. मागच्या जिन्याला दोन मजले जास्त पडतात. पण तब्येतीला ते बरंच.

अशात नव्वदी पार केलेले आजोबा गेले. दीड-दोन महिन्यांनी बाबांचा फोन आला. "अरे, वारस नोंदीचा अर्ज द्यायचाय तलाठ्याकडे. तीन महिन्यांच्या आत द्यावा लागतो. तू त्यावरच लिहितोयस ना? मग तूच बघ." बघायचं म्हणजे मृत्यूचा दाखला, प्रतिज्ञापत्र, सगळ्या वारसांची नावं-पत्ते, त्यात धाकट्या काकांशी न बोलणारी मोठी आत्या आणि मोठ्या आत्याचं नाव काढलं की जेवणावरून उठणारे धाकटे काका. माझ्या तोंडून निघून गेलं, "बाबा, जातोच. हा एवढा प्रबंध हातावेगळा केला की लगेच."

आणि त्या रात्री मी लिहायला बसलो. मॅन साहेबांपासून 1947 च्या तुकडेबंदी कायद्यापर्यंत सलग लिहीत गेलो. आत्याचा चेहरा डोळ्यांपुढे आला की आणखी एक तक्ता व्हायचा. स्टॅनफर्डचे तत्त्वज्ञ जॉन पेरी यांनी 1996 साली हेच लिहून ठेवलंय, की चालढकल करणारा माणूस रिकामा बसत नाही. यादीतलं सगळ्यात वरचं काम चुकवण्यासाठी तो खालची सगळी कामं झटून करतो. यासाठी त्यांना 2011 साली इग नोबेल मिळालं. माझ्या यादीत वर आत्या बसल्याबरोबर प्रबंध आपोआप खाली आला, आणि मुदतीच्या दोन दिवस आधी स्पायरल बायंडिंग होऊन मॅडमच्या टेबलावर गेला. मॅडमनी आधी माझं नाव तपासलं.

व्हायवाला बाहेरचे परीक्षक आले होते, खेडेगावचे, मिश्कील. प्रबंध चाळून म्हणाले, "तुमच्या घरची जमीन आहे म्हणता. खातेदार किती?"

"सातबाऱ्यावर एकच नाव आहे, सर. आजोबांचं."

"काय वय त्यांचं?"

"ते गेले, सर. मागच्या वर्षी."

सरांनी चष्मा काढला, मॅडमकडे पाहिलं आणि पोट धरून हसले. "मग शेवटच्या प्रकरणात उपाय कसले शोधत बसलात? नोंदच केली नाही तर तुकडे होतीलच कसे!"

व्हायवात गुण बरे पडले. बाबांना मात्र ही तुकडेबंदी अजून मान्य नाही.